चिंचेखालचं दार

फार मागे, एका राजधानीत घडलेली ही हकीकत. वेळ सूर्य मावळायच्या चार घटका आधीची. जागा पूर्व वेशीच्या आतली, एका जुन्या चिंचेखालची. तिथे एक विणकर, त्याची बायको आणि तापाने फणफणलेली त्यांची तान्ही मुलगी बसली होती.

त्यांचं घर त्याच दिवशी सकाळी पाडलं होतं. राजाला हत्तीखाना वाढवायला जागा हवी होती. घर पाडलं राजाने, आणि कायदाही राजाचाच: ज्याला दार नाही, त्याने सूर्यास्तानंतर वेशीच्या आत राहायचं नाही. वेशीबाहेर लांडग्यांचं रान होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. कायदा करणाऱ्यालाही.

त्याच नगरात ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी होती. त्यांच्यातले काही जण दर शनिवारी भाकऱ्या भाजत, टोपल्या भरत आणि गरिबांच्या गल्ल्यांतून फिरत. त्यांची एक रीत होती. कुणाला रांगेत उभं करायचं नाही, कुणाला हात पसरायला लावायचं नाही. आपण त्याच्या दाराशी जायचं, कडी वाजवायची, या घराला शांती असो म्हणायचं आणि त्याने दार उघडलं की टोपली पुढे करायची. रीत चांगली होती. मंडळीला तिचा अभिमान होता, जरा जास्तच.

त्या शनिवारी टोपल्या चिंचेजवळून पुढे निघाल्या. विणकराच्या बायकोने हाक मारून विचारलं, आमच्याकडे का नाही थांबत? टोपली उचललेला एक गवंडी गोंधळून म्हणाला, आम्ही दारोदार देतो.

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे राजालाही दार लागतं आणि तुमच्या देवालाही."

सगळे जागच्या जागी थबकले. त्यांच्यात एक सुतारीण होती, नवऱ्यामागे त्याची हत्यारं चालवून पोट भरणारी. तिने टोपली विणकराच्या बायकोपुढे ठेवली, गवंड्याचं मनगट धरलं आणि थेट प्रार्थनामंदिराकडे पळत सुटली.

आणि मग, लहानथोर हो, बाजाराने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. प्रार्थनामंदिराचं सागवानी दार चौकटीसकट भर रस्त्यातून धावत येत होतं! पुढे सुतारीण, मागे गवंडी, बाजूंनी भाकऱ्या भाजणाऱ्या बायका. वाटेत तेली खांदा द्यायला आला, दोन हमाल आले. सगळ्यांच्या मागे मंडळीचे पाळक धापा टाकत विचारत होते, की रात्री मंदिरात चोर शिरले तर काय करायचं.

"फार तर बाकं नेतील, पाळकसाहेब," सुतारीण म्हणाली. "तुम्ही मागून हात लावा."

पाळकांनी हात लावला.

चिंचेखाली दोन खड्डे खणले गेले. चौकट उभी राहिली, गवंड्याने बुडाशी दगड ठोकले. विणकराचं कुटुंब दारामागे गेलं. आतून कडी लागली. सूर्य तटाला टेकला आणि तेवढ्यात दहा शिपाई घेऊन कोतवाल आला.

त्याने दार पाहिलं. मग बाजूने मान घालून मागची माणसं पाहिली. ना भिंत, ना छप्पर. शिपायांना त्याने बाजूने जायला सांगितलं. सुतारीण आडवी उभी राहिली.

"कोतवालसाहेब, कायद्यात दार म्हटलंय. भिंत कुठे म्हटलीय?"

कोतवाल कायदा मनातल्या मनात दोनदा म्हणून गेला. गर्दी वाढत होती. भिंत कुठेच सापडेना. शेवटी घाम पुसत त्याने कडी वाजवली.

सकाळपासून ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्या विणकराने आतून विचारलं, "कोण आहे?"

"कोतवाल."

"सकाळी या. मुलगी आत्ताच झोपलीय."

गर्दीतून असा काही हशा उठला की हत्तीखान्यातले हत्ती चीत्कारले. सूर्य मावळला. कुणीही वेशीबाहेर गेलं नाही. पहाटे मुलीचा ताप उतरला. त्याच रात्री शिपायांपासून लपून राहणारे नगरातले आणखी बेघर लोक प्रार्थनामंदिराच्या उघड्या भगदाडातून आत येऊन बाकांवर झोपले, आणि मंडळीने तिथे पुन्हा दार बसवलं नाही. नगरभर झालेलं हसं सोसेना, म्हणून आठ दिवसांत राजाने कायदा मागे घेतला.

बोध असा: चांगली रीत गरजवंतालाच बाहेर ठेवू लागली, तर रीत मोडावी, माणूस नव्हे.

पण त्याआधीच्या अकरा वर्षांत त्या वेशीतून एकोणचाळीस कुटुंबं बाहेर काढली गेली. ती कुठे गेली, हे ना राजाने सांगितलं, ना दर शनिवारी त्यांच्यासमोरून गेलेल्या मंडळीने.