पानजाईचं देऊळ

एकदा काय झालं, डोंगराकडच्या एका राजाला मुलगी झाली. नाव ठेवलं सुरंगी. गोड पोर, पण डोळ्यांना दिसेना. वैद्य झाले, हकीम झाले. मग कुणीतरी म्हणालं, "पानजाईच्या राईतल्या झऱ्याचं पाणी लावून बघा."

राई म्हणजे देवीचं रान, बरं का. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असं जुनी माणसं सांगून गेलेली. पानजाईला देऊळ नव्हतं. दगडाची आई, वर झाडांची सावली, पायाशी झरा. राजा नवस बोलला, "आई, पोरीला दिसू दे. तुला मोठं देऊळ बांधीन!"

मग रोज झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावलं. आणि एका सकाळी सुरंगीनं बापाची मिशी धरली. "बाबा, हिच्यात एक पांढरा केस आहे!" राजा हसला, आणि रडलाही.

आता नवस फेडायचा. पण देवळाला लाकूड हवं, आणि तसली झाडं राईतच. म्हणून देवीला कौल लावला. म्हणजे काय, तर देवीच्या अंगाला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पहिल्यांदा डावं पडलं. राजा म्हणाला, "वारा आला." दुसऱ्यांदाही डावंच. राजा म्हणाला, "नीट चिकटलं नव्हतं." तिसऱ्यांदा फूलच पडेना.

देवीचा पुजारी भिवा गुरव म्हणाला, "महाराज, आई रुसलीय."

"रुसली कसली? गप्प आहे, म्हणजे कबूल आहे!"

मेला हट्टी! भक्ती होती हो त्याची, खोटं कशाला बोलू? पण देवीचं ऐकायचं कुणी?

मग कुऱ्हाडी चालल्या. राई बोडकी झाली, देऊळ उभं राहिलं. उन्हाळा आला आणि झरा आटला. मग एकदा भर दुपारी सुरंगीनं विचारलं, "बाबा, आज दिवे का नाही लावले?"

राजा काय ते समजला. त्यानं आपल्या हातानं देवळाचं छप्पर उतरवलं. रोपं लावली. पण झाडं काय राजाच्या हुकमानं वाढतात? लांबून पाणी आणून घालता घालता राजा म्हातारा झाला, आणि एक दिवस गेला.

मग आंधळी सुरंगी पाणी घालू लागली. हातानं चाचपून बघायची. खोड आधी मुठीत मावायचं, मग ओंजळीत, मग कवेतही मावेना. तिचे केस पिकले. आणि एका सकाळी तिच्या पायाला ओल लागली. तिनं माती उकरली, पाणी आलं. ते तिनं डोळ्यांना लावलं.

दिसलं रे बाळांनो! केवढाली झाडं, केवढं हिरवं! "बाबा, बघा ना!" म्हणत ती वळली. मागे कुणीच नव्हतं.

मग झरा वाहिला, गाव सुखात राहिलं. सुरंगीही राहिली, आपल्या परीनं. पानजाईवर मात्र पुन्हा कुणी छप्पर घातलं नाही.

आता रडू नका. मिटा डोळे. सकाळी उघडाल, तेव्हा बाबा इथंच असतील.