साळिंदर आणि वडाखालचा गोल

एका जंगलात ओढ्याच्या काठी एक साळिंदर राहत असे, आणि त्याच्या शेजारी मात्र कोणीच राहत नसे. कारण उघड आहे, मुलांनो. अंगावर हे एवढाले काटे! वाटेत कोणी भेटलं की "अरे बाबा, सांभाळून!" म्हणत बाजूला सरकायचं. मग साळिंदरही नाक वर करून म्हणायचा, "मला कोणाची गरज नाही. जे शिकलो ते माझं मी, एकट्यानं शिकलो." हे तो इतक्यांदा म्हणाला होता, की सगळ्या जंगलाला ते पाठ झालं होतं. पण खरं सांगू का? त्याला फार एकटं वाटायचं. ओढ्यापलीकडे वडाखाली पिल्लांची शाळा भरायची. तिचा गलका ऐकत तो बिळाच्या तोंडाशी बसून सकाळ काढायचा. त्याला सोबत म्हणून काय ती तेवढीच.

शाळा चालवायची एक म्हातारी कासवीण. तिला सगळे बाई म्हणत. तिच्या शाळेची रीत अशी, की पिल्लांनी गोल करून बसायचं आणि अडलं की आधी शेजाऱ्याला विचारायचं. चिंचोके मोजण्यात खारीचं पिल्लू पटाईत, गाण्यात बुलबुलाचं, आणि पाला हुंगून झाड ओळखण्यात हरणाचं पाडस. सशाच्या पिल्लाला कशातच गती नव्हती. ते आपलं विचारत सुटायचं, "असं का गं? म्हणजे कसं रे? पुन्हा सांग ना!" एवढा गोंगाट चालायचा, की एकदा जंगलाचा कारभार बघणाऱ्या हत्तीलाच प्रश्न पडला, पोरं शिकतात की नुसती एकमेकांचं बघून करतात? त्यानं साळिंदराला बोलावणं धाडलं. "तू शिकलेला, आणि कोणाची भीड न ठेवणारा. रोज शाळेत जाऊन बघ आणि दहाव्या दिवशी मला सांग. तू म्हणशील तसं करू."

साळिंदराला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी उजाडताच तो वडापाशी हजर. बाई म्हणाल्या, "अरे, असा लांब का? पुढे ये की." पण त्याला आपल्या काट्यांची लाज वाटली. "नको बाई, इथूनच नीट दिसतं," म्हणत तो करवंदीच्या जाळीमागे बसला. बसल्याबसल्या झाडाच्या सालीवर त्यानं दिवसाची एक रेघ ओढली. मग तो रोज येऊन एकेक रेघ ओढत राहिला. मोजणीच्या वेळी खारीचं पिल्लू सशाच्या पिल्लाला सांगायचं, ते "पण का?" म्हणायचं, की खारीचं पिल्लू गडबडायचं आणि सगळे चिंचोके विस्कटून पुन्हा मांडायचं. गाण्याच्या वेळी बुलबुलाचं पिल्लू एक ओळ म्हणायचं, पुढची बाकीच्यांनी उचलायची. पाडस तर प्रत्येकाच्या नाकाशी पान धरून म्हणायचं, "आता घे वास. आला?" हे बघताना साळिंदराच्या पोटात दुखू लागलं. आपल्या नाकाशी कधी कोणी पान धरलं नाही, या विचारानं त्याला रडू येईल असं वाटलं. पण रडणं कुठलं? रडण्याऐवजी तो रागावला.

हत्तीकडे जाऊन तो म्हणाला, "महाराज, दहा दिवस बघितलं. मोजणी असो, गाणं असो नाहीतर पाल्याचा वास, एकाला येतं आणि बाकीचे उचलतात. ते सशाचं पिल्लू तर श्वाससुद्धा विचारून घेईल. यांना वेगवेगळं बसवा."

"आज दहावा दिवस का रे?" हत्ती म्हणाला. "मला वाटलं, तो उद्या."

"माझी मोजणी चुकायची नाही," साळिंदर ताठ्यात म्हणाला.

झालं! हत्तीचा हुकूम सुटला. प्रत्येक पिल्लाला वेगळं झाड मिळालं आणि कोणी कोणाला काही विचारायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साळिंदर नेहमीसारखा बिळाच्या तोंडाशी येऊन बसला. कान टवकारले. काहीच ऐकू येईना. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याला राहवेना, तेव्हा तो ओढा ओलांडून बघून आला. खारीचं पिल्लू तेच चिंचोके उगाच मोजत होतं. बुलबुलाच्या पिल्लाचं गाणं पहिल्याच ओळीवर थांबत होतं, कारण दुसरी उचलायला कोणी नव्हतं. वडाखाली बाई एकट्याच डोळे मिटून बसल्या होत्या. साळिंदर मान खाली घालून परतला. शाळेचा गलका ही त्याची एकुलती एक सोबत होती, आणि ती त्यानंच स्वतःच्या तोंडानं घालवली होती.

चौथ्या दिवशी बिळाबाहेर कोणीतरी हाक मारली, "काका, आहात का?" बघतो तर सशाचं पिल्लू! पळसाच्या पानात चिंचोके घेऊन उभं होतं.

"काका, तुम्ही सगळं एकट्यानं शिकलात ना? मग एकट्यानं कसं शिकायचं तेवढं मला शिकवा. मला जमतच नाहीये हो."

साळिंदराला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं घाईघाईनं बिळापुढची जागा झाडली. "ये, बस. जरा लांबच बस हं, टोचेल. आता मी मोजतो तसं मोज. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ..."

"काका, सात?"

"कसला सात?"

"सहाच्या पुढचा. खारीच्या पिल्लानं मला तीनदा सांगितलाय."

"काहीतरीच!" साळिंदर खेकसला. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा सहावरून आठ. मग तो पिल्लाला घेऊन तडक करवंदीच्या जाळीमागे गेला. सालीवरच्या रेघा त्यानं मोजल्या, भरल्या दहा. पिल्लानं एकेका रेघेवर पंजा ठेवत मोजल्या, भरल्या नऊ. साळिंदर मटकन खाली बसला. त्याला एकदम आठवलं. लहानपणी तोही याच बाईंच्या शाळेत होता. काटे टोचतात म्हणून बाकीच्या पोरांनी त्याला वडाच्या मागे बसायला लावलं होतं. मोजणी शिकवताना सहानंतर बाईंना ठसका लागला आणि पुढचा आकडा त्याला ऐकूच आला नाही. बाकीच्यांनी आपापल्या शेजाऱ्याला विचारून घेतलं. त्याला शेजारीच नव्हता. तेव्हापासून त्याच्या मोजणीत सात नव्हता, मग सतरा तरी कुठून असणार! आणि इतक्या वर्षांत ही चूक त्याला कोणी सांगितली नव्हती, कारण ती ऐकण्याइतकं जवळ कोणी आलंच नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, अशी गोष्ट लपवावीशी कोणाला वाटणार नाही? पण साळिंदर उठला आणि पिल्लाला घेऊन थेट हत्तीपुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, मी दहा नाही, नऊच दिवस बघितलं. मला सात येत नाही. तो मला आज या पिल्लानं सांगितला, आणि याला खारीच्या पिल्लानं. पोरं उचलत नव्हती, शिकत होती. मला एकट्यानं शिकता आलं नाही, महाराज. मी एकटा राहिलो, एवढंच. त्यांना पुन्हा गोल करू द्या."

हत्तीनं मान डोलावली. मग म्हणाला, "उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी वडाखाली असा काही गलका उठला म्हणून सांगू! साळिंदर हळूच येऊन आपल्या जाळीमागे बसला. एवढं ऐकायला मिळालं तरी पुष्कळ, असं त्यानं मनाशी म्हटलं. इतक्यात सशाचं पिल्लू ओरडलं, "ए, सरका रे! अजून थोडं! काटे मावले पाहिजेत." पिल्लं दोन्हीकडे सरकली आणि गोलात भलीमोठी मोकळी जागा झाली. "काका, एवढी पुरेल का?"

साळिंदर अंग चोरत आला आणि त्या जागेच्या अगदी मधोमध बसला. दोन्ही बाजूंना थोडं अंतर होतंच, ते राहणारच होतं. बाईंनी डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघितलं. "त्या दिवशी मला ठसका लागला होता, नाही का रे?" त्या म्हणाल्या. "चला, पहिल्यापासून." सगळे मोजू लागले. सहा झाल्यावर बाई मुद्दाम थांबल्या, पिल्लंही थांबली, आणि साळिंदर सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडला, "सात!"

तात्पर्य : ज्याला विचारायला कोणी नाही, त्याची चूक त्याच्यापाशीच राहते, म्हणून शेजाऱ्याला विचारायला लाजू नये आणि कोणालाही विचारता येणार नाही इतकं लांब बसवू नये.