मावशीचं माप

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. धारपेठ हे डोंगराच्या उतारावर वसलेलं शहर. त्या दिवशी बाजार होता, आणि सिदोजी पाथरवट रोजच्यासारखा देवळाचा दगड घडवत बसला होता. तेवढ्यात शेजारचा कोष्टी धापा टाकत आला.

"सिदोजी, चल. भागाई पायऱ्यांवर बसली ती उठलीच नाही."

भागाई सिदोजीची आई, आणि पायऱ्याही सिदोजीच्याच. वरच्या पेठेतून खालच्या पेठेत उतरणारी जुनी नागमोडी वाट मोडून त्यानं काळ्या दगडाच्या सरळ, उंच पायऱ्या बांधल्या होत्या. शहरानं त्याबद्दल त्याला पागोटं बांधलं होतं. पण भागाईची धाकटी बहीण म्हाळसाई राहायची खाली. वाट होती तोवर दोघी दर बाजाराला भेटायच्या. पायऱ्या झाल्यापासून दोन वर्षं भेट नव्हती.

भागाई म्हणायची, "जरा बसक्या कर रे त्या."

"करतो, आई. एवढं देऊळ होऊ दे."

शेवटी ती कुणाला न सांगता बहिणीकडे निघाली, आणि चाळिसाव्या पायरीवर थांबली.

तेरावा झाल्यावर सिदोजी म्हाळसाईकडे गेला आणि वाकून तिचे पाय धरले.

"सोड, दुखतात," ती म्हणाली. "पायरी कशावरून मापलीस?"

"माझ्या गुडघ्यावरून, मावशी."

"तरीच. तुला पागोटं, आणि आम्हाला कोंडवाडा."

"मग कुणाचं माप घेऊ?"

"माझं घे. पण आधी तिथवर ने तरी. माप काय घरबसल्या देऊ?"

त्यानं तिला हाताला धरून पहिल्या पायरीपाशी नेलं. तिचं पाऊल न कण्हता जेवढं उचललं गेलं, तेवढ्यावर त्यानं काठीला तांबड्या कावेची खूण केली. ती वीतभरही नव्हती. सिदोजीची पायरी हातभर होती. मग त्यानं हातोडा उचलला.

एकेका पायरीच्या तो तीन करू लागला. जागा पुरेना तिथे जुन्या वाटेचं वळण परत आणलं. मावशीला दम लागेल तिथे कट्टा बांधला, काठी टेकवायला कट्ट्याला खाच ठेवली. असं म्हणतात, त्याच्या छिन्नीखाली दगड लोण्यासारखा कापला जाई. असं म्हणतात, ते कट्टे थंडीत उबदार लागत आणि वैशाखात गार. म्हातारा रानबा कासार तीन वर्षांनी उंबरठ्याबाहेर पडला, तर पहिल्याच कट्ट्यावर त्याचा जुना वैरी बसलेला.

"आहेस अजून?"

"तुझ्याआधी जाणार नाही म्हटलं होतं ना!"

दोघं दिवे लागेपर्यंत भांडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असं म्हणतात, पुढे दूरदूरच्या गावांतली माणसं म्हातारपण काढायला धारपेठेत येऊ लागली, आणि म्हाळसाई तर शंभरी ओलांडूनही दर बाजाराला वर जाऊन येई.

सिदोजी वरून खाली आला, खालून वर गेला. चाळिसावी पायरी त्यानं शेवटी ठेवली होती. तिच्यापाशी तो बसायचा, छिन्नी लावायचा, आणि काढून घ्यायचा.

मावशी विचारायची, "एवढी एक कधी रे?"

"करतो, मावशी."

असं करता करता त्याचेही केस पिकले, आणि हातोडा उचलेना.

आजही धारपेठेत नवा रस्ता, पूल, बसथांबा काहीही व्हायचं असलं, की शहरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आधी तिथे चालतं. मागून गवंडी कावेची वाटी घेऊन जातो. पाऊल उचलेल तिथवर एक खूण, दम लागेल तिथे दुसरी. कामाचा आराखडा त्यानंतर होतो. याला मावशीचं माप म्हणतात.

चाळिसावी पायरी अजून हातभर उंच आहे. लोक तिला वळसा घालून जातात. ती बसकी करायची राहिली.