चार बोटं समास

राजवैद्यांना चार शिपायांनी उचलून नदीवर नेलं आणि खराट्यानं घासून काढलं, तेव्हा कुठे काळदुर्गच्या दरबाराला कळलं की समासाचं प्रकरण हाताबाहेर गेलंय.

झालं होतं असं. रुद्राजी राजांना शेरे मारायची भारी हौस. अर्ज आला की डावीकडच्या कोऱ्या समासात राजे बोरूनं हुकूम खरडायचे. पण कारकून समास सोडायचे जेमतेम दोन बोटं! त्या दिवशी एकाच कागदावर वर हत्तीच्या अंघोळीचा अर्ज, खाली वैद्यबुवांच्या रजेचा. जागा पुरेना. हत्तीचा शेरा घसरत घसरत वैद्यबुवांच्या नावाला जाऊन टेकला आणि रजेचा शेरा वर हत्तीपाशी चढला. शिपायांनी हुकूम पाळला. हत्तीला मात्र आठ दिवस रजा मिळाली!

खरं तर राजांनी महिन्यापूर्वीच हुकूम काढला होता, 'डावीकडे चार बोटं समास सोडा!' समास दोन बोटं. मग प्रधान अंबाजीपंतांनी तोच हुकूम मोठ्या अक्षरांत कारकुनांच्या फडाच्या भिंतीवर लावला. दोन बोटं. मग सोनेरी अक्षरांत लावला. दोनच बोटं! शेवटी दवंडी पिटली. एकदा सांगून भागलं नाही की तेच आणखी ओरडून सांगायचं, एवढ्या अकलेवर पंतांनी तीस वर्षं प्रधानकी रेटली होती.

"मुद्दाम करतायत, महाराज! फडात बंड आहे!" पंत म्हणाले.

"मग उद्या दुपारपर्यंत गुन्हेगार माझ्यासमोर उभा करा," राजे गरजले, "नाहीतर बावीसच्या बावीस कारकुनांचे उजवे अंगठे कापा!"

त्या बावीसांत एक तानबा होता. त्याची लेक गोजरा. लहानपणी फडात दौती भरता भरता ती लिहायला शिकली, ते पंतांच्या डोळ्यांत खुपलं. "पोरींनी बोरू धरायचा नाही," म्हणून त्यांनी तिला हाकललं होतं. आता ती बापाची भाकरी घेऊन यायची, तेवढंच.

"आबा, खरं सांगा. समास का सोडत नाही?"

"सोडतो गं! मोजून सुरू करतो आणि खाली येईस्तोवर दोनच उरतात. हातच ऐकत नाही. करणी झालीय म्हणतात."

"करणीला दुसरी कामं नाहीत? समास चोरत बसलीय ती!"

गोजरानं गुळाच्या पुडीचा कागद सोडवून पुढे सरकवला. "यावर लिहा."

तानबानं दहा ओळी लिहिल्या. चार बोटं, सरळ रेघेत! मग फडातला कागद दिला. तिसऱ्या ओळीलाच हात डावीकडे घसरला.

"हात ठणठणीत आहे, आबा. खोट कागदात आहे!"

तिनं डोळे मिटले आणि कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं. बारीक चऱ्या लागल्या. आडव्या कितीतरी, आणि डावीकडे एक उभी, कडेपासून बरोब्बर दोन बोटांवर.

ती तडक खालच्या कागदकोठीत गेली. तिथं दोऱ्या ताणलेली एक फळी होती. फडातला प्रत्येक कागद आधी या फळीवर दाबायचा, म्हणजे दोऱ्यांचे वळ उठतात, लिहिणाऱ्याची ओळ वाकडी जात नाही आणि ओळ सुरू करताना हात आपोआप उभ्या वळाला जाऊन टेकतो. कागद दाबणारा म्हातारा तिच्याकडे बघत राहिला.

"आजोबा, ही उभी दोरी सरकवली का नाही?"

"मला कुणी सांगितलंय? हुकूम वर भिंतीवर, मी इथं तळात. आणि सांगितलं असतं तरी ही गाठ बघ."

गाठीवर लाखेची मोहर होती. ती वाचून गोजरा इतकी हसली की म्हातारा घाबरला.

दुसऱ्या दिवशी दरबारात बावीस कारकून ओळीनं उभे. शेजारी सुरा घेतलेला शिपाई. गोजरा पुढे झाली.

"महाराज, गुन्हेगार सापडला! पण नाव घेण्याआधी अभय द्या."

"दिलं!"

"आणि फडाच्या या कागदावर आपणच लिहून दाखवा, चार बोटं समास कसा सोडतात ते."

"पोरीचा आगाऊपणा बघा!" पंत उसळले.

"लिहितो की!" राजांनी बोरू उचलला. "काय लिहू?"

"या कारकुनांना काय वाटेल ते बोला! अगदी खरमरीत!"

मग काय! राजांनी चार बोटं मोजली आणि सुटलेच. नालायक, आळशी, कामचुकार... दहा ओळी भरल्या.

गोजरानं बोटं टेकवून मोजलं. "पहिली ओळ, चार. दुसरी, तीन. तिसरीपासून खाली, दोन! महाराज, अंगठा आपणच पुढे करता, की शिपायाला पाठवू?"

पंत ओरडले, "त्या फळीवाल्याला धरा! दोरी का बदलली नाही त्यानं?"

"कशी बदलेल?" गोजरानं कोठीतून आणलेली फळी समोर आपटली. "मोहर वाचा, प्रधानजी. 'या दोरीला हात लावील त्याची मान जाईल.' राज्याभिषेकाच्या दिवशी महाराजांनीच उठवलीय! जुना हुकूम कागदाखाली बसलाय आणि नवा तुम्ही भिंतीवर टांगलाय. कारकून भिंतीवर नाही लिहीत, कागदावर लिहितात! महाराजांचा हुकूम मोडणारे महाराजच!"

राजांनी मोहर पाहिली. आपल्या दहा ओळी पाहिल्या. मग पोट धरून हसत सुटले, इतके की मुकुट कानावर आला. त्यांनी स्वतःच्या हातानं मोहर फोडली, दोरी चार बोटांवर बांधली आणि पहिला कागद दाबून गोजरासमोर धरला.

"आजपासून ही फळी तुझ्या ताब्यात! आणखी काय हवं ते माग."

"एक शेरा मारू द्या, महाराज."

राजांनी बोरू दिला. गोजरानं झोकात लिहिलं, 'प्रधान अंबाजीपंत.' आणि शेजारच्या चार बोटं रुंद समासात ऐसपैस शेरा मारला, 'नदीवर न्या. खराट्यानं घासा.'

राजांनी हसता हसता खाली लिहिलं, 'मान्य!'

एवढं लिहूनही समासात जागा उरली होती.