सोंडेवरून जाताना

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यात मोठ्या डोंगररांगेच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाला लागून एक टेकडी होती. मागच्या डोंगरांपुढे ती बसलेल्या म्हशीएवढी दिसायची. पण माथ्याच्या अलीकडे हत्तीच्या सोंडेसारखी अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना घसरता उतार, आणि समोरच्या खिंडीतून सुटलेला वारा थेट त्या सोंडेवर येऊन आदळायचा.

माथ्यावर देवी होती. नव्या जोडप्याने उपरण्या-शेल्याची गाठ न सोडता तिच्या दर्शनाला जायचे आणि गाठ तिच्यासमोर सोडायची, अशी रीत होती. आणखी एक रीत होती. सोंडेवर कोणी उभे राहायचे नाही. बसून सरकत जायचे, मग तो राजाचा पाहुणा का असेना.

एका वर्षी गावातल्या एका मुलीचे लग्न वरच्या डोंगरी मुलखातल्या तरुणाशी झाले. कडे चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी ओसरीवर बसून सगळा बेत ठरवला. उन्हाबरोबर वारा चढतो, म्हणून उजाडताच निघायचे. पाणी कोणी घ्यायचे, ओटीचे सामान कोणी, तेही ठरले. शेवटी सासरे जरा घुटमळले.

"जावईबापू, सोंडेवर मात्र बसून जावं लागतं," ते म्हणाले.

जावई हसला. "एवढ्याशा टेकडीवर? मामा, मी ढगांतल्या कड्यांवरून उभा चाललोय. आता अख्ख्या गावासमोर बूड घासत जाऊ?"

खरे तर तेव्हाच कोणीतरी ठणकावून सांगायला हवे होते. पण जावयाला दुखवायचे कसे? सासऱ्यांनी विषय बदलला आणि सासूबाई लगबगीने लाडू घेऊन आल्या. मला या माणसांचा फार राग येतो. लाडवाने कधी वारा थांबला आहे का? दाराआड उभ्या असलेल्या नवरीने सगळे ऐकले.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फेटा मनासारखा बसेपर्यंत अंगणात ऊन आले. सोंडेपाशी पोहोचले तेव्हा वारा चांगलाच उठला होता. रीतीप्रमाणे जोडपे पुढे झाले आणि घरचे लोक अलीकडे थांबले.

नवरी खाली बसली, दगड धरून सरकू लागली. नवरा तिच्या पुढे उभ्याने निघाला. तिने त्याला एकदा विनवले, पण वाऱ्यात ते त्याला ऐकू आले की नाही, कोण जाणे. काही पावले नीट पडली. त्याने मागे वळून सासरच्या लोकांकडे ऐटीत पाहिले.

तेवढ्यात खिंडीतून वारा आला. आधी फेट्याचा शेमला उडाला, मग फेटाच सुटला. तो धरायला त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचे पाय वाटेवरून निसटले.

वाळक्या गवतावरून तो घसरत गेला. त्याच्या कमरेला कसलेल्या उपरण्यामुळे गाठीला हिसका बसला आणि त्याच्यामागून नवरीही कडेपर्यंत फरफटत आली. तिने एक पाय दगडाआड अडकवला आणि शेला उजव्या हाताला गुंडाळला. खाली थोडे गवत होते, आणि त्याच्या पुढे काहीच नव्हते. वडील धावायला गेले, पण वाऱ्याने त्यांना उभे राहू दिले नाही. ते रांगत निघाले.

नवऱ्याने वर पाहिले. बायकोचा मोकळा हात गाठीवर आला होता. गाठ सुटली असती तर ती वाचली असती. हे त्याला कळले, आणि तिलाही कळले असणार. 'सोडू नकोस' म्हणायला त्याच्याकडे तोंड उरले नव्हते.

तिने गाठ मुठीत घट्ट धरली. "अहो, पाय झाडू नका," ती म्हणाली. "पोटावर पडून राहा. आबा येतायत."

तो गवतात तोंड खुपसून निपचित पडून राहिला. तिच्या खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्याने ऐकला, पण तिने मूठ सोडली नाही. अखेर वडील पोहोचले. दोघांनी मिळून त्याला वर ओढले, आणि तिघे रांगत परत आले.

"मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं," एवढेच सासरे म्हणाले.

दोघांचे जीव वाचले. पण नवरीचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. कड्यांवरून ताठ चालणारा तो गडी रोज सकाळी दारात बसून बायकोचे केस विंचरू लागला, वेणी घालू लागला. येणारे-जाणारे पाहत, पण त्याची त्याला लाज वाटत नसे. विंचरताना कधी तिच्या खांद्याला धक्का लागे, ती ओठ मिटून घेई, आणि त्याचा हात तिथेच थांबे. म्हातारपणापर्यंत त्याला तिच्या त्या वेदनेची सवय झाली नाही.

म्हणून लहानथोरहो, ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याशी बांधलेला असतो, त्याचा ताठा त्याच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही.