पाटावर आधी कोण बसले

एका राज्यात राजापेक्षा साधकांचा तोरा मोठा होता. मौनी बोलत नसत, नादपंथी गाण्यावाचून राहत नसत आणि धुनीकर अग्नी विझू देत नसत. तिघांचा शोध एकाच परमतत्त्वाचा. पण एकमेकांच्या विहिरीचे पाणी मात्र वर्ज्य.

पूर्वी असे नव्हते. वर्षातून एकदा तिन्ही पंथ राजवाड्याच्या अंगणात एका पंगतीला जेवत. मग राजा भद्रायूला हौस आली. त्याने मांत्रिकाकडून रत्नजडित पाट आणवला आणि दवंडी पिटवली, की ज्याने परमतत्त्व पाहिले असेल त्याने पाटावर बसावे, पंगतीत पहिला मान त्याचा. तिन्ही पंथांचे प्रमुख एकामागून एक बसून गेले. मग मान कुणाचा यावरून जुंपली, आणि पंगत मोडली ती मोडलीच.

दुसऱ्या सकाळी राजकन्या पुष्करिणी उठली, तो तिची पावले दगडाची झालेली. दगड रोज बोटभर वर चढू लागला. बागेतला धनेश पक्षी मनुष्यवाणीने बोलत असे. त्या राज्यात त्याचे कुणाला नवल नव्हते.

धनेश म्हणाला, "राजन, पाटावर खोटे बसले. जे जे बसले, त्या सर्वांच्या तोंडून एकच खरे वाक्य निघेल तेव्हा दगड उतरेल. हृदयाशी पोचला, तर मग उतरणार नाही."

'जे जे' ऐकून राजाने धनेशाची नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणे! पण तो मूग गिळून बसला, आणि वाक्य शोधायला तिन्ही पंथांकडे निघाला.

उलटी वाहणारी नदी ओलांडून तो मौनींच्या गुहेत गेला. प्रमुखाने आपले पवित्र वाक्य वाळूवर लिहून दिले. गाणाऱ्या शिळांचा डोंगर चढून तो नादपंथीयांकडे गेला. तिथल्या प्रमुखाने मौनींच्या वाक्याचे नाव काढताच कानांवर हात ठेवले आणि स्वतःचे गाऊन दाखवले. निखाऱ्यांचे रान तुडवून तो धुनीकरांच्या प्रमुख अंबुजामातेपुढे उभा राहिला. दोन्ही वाक्ये ऐकून माता म्हणाली, की ही आमच्या धुनीत घालायच्याही लायकीची नाहीत. सर्वांची वाक्ये थोर होती, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नव्हते.

पाय भाजून राजा परतला, तोवर दगड कमरेवर चढला होता. त्याने तिघांना बोलावणे धाडले. ते शिष्यांसह येईपर्यंत दगड छातीला भिडला. आणि त्या थोर माणसांनी काय करावे? राजकन्येच्या उशाशी आधी कोणी उभे राहायचे, यावरून वाद घातला, मौनींच्या प्रमुखाने हातवाऱ्यांनी. पुष्करिणी थांबून थांबून श्वास घेत होती. राजाला त्या तिघांची किळस आली, आणि दुसऱ्याच क्षणी कळले, की यांना हे शिकवले आपणच. लाजेने त्याचे कान तापले. मुकुट काढून तो जमिनीवर बसला.

"पाटावर सर्वांत आधी मी बसलो," तो म्हणाला. "पहाटे, कोणी नसताना. मी काहीही पाहिलेले नाही."

मग मौनींच्या प्रमुखाने चाळीस वर्षांनी तोंड उघडले. त्याचा आवाज गंजला होता. "मी काहीही पाहिलेले नाही." नादपंथी प्रमुख तेच सुराविना म्हणाला आणि आपल्या शिष्यांकडे पाहीना. अंबुजामातेला सर्वांत जड गेले. पदर तोंडाशी धरून ती कशीबशी म्हणाली, "मी काहीही पाहिलेले नाही." चौघेही आता जमिनीवरच, खाली मान घालून एकमेकांच्या शेजारी बसले होते, आणि तशी मान घालून ते प्रथमच बसले होते.

दगड उतरला. पाट भिजल्या मातीसारखा विरघळला. त्याच दिवशी अंगणात पंगत मांडली. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. मौनींनी नादपंथीयांना आपल्या विहिरीचे पाणी वाढले. शोध कुणाचा संपला नव्हता, म्हणून बोलण्यासारखे पुष्कळ होते.

पुष्करिणी आपल्या पायांनी, पंगतीत वाढत वाढत राजापाशी आली.

"तात, दगड माझ्या घोट्याशी होता, तेव्हाही आपल्याला ठाऊक होते?"

"होते," राजा म्हणाला.

तिने त्याच्या पानावर भात वाढला, वर तूप वाढले आणि ती पुढच्या पानाकडे गेली.

पंथ एका पंगतीला आले, राज्य मार्गी लागले. राजाला मात्र तो पहिला घास उतरायला फार वेळ लागला.