पॉलिएस्टरची कफनी

“आणि डास?” भैरूबाबांनी विचारलं.

“डास बसत नाही, बाबा. ऊन आरपार जात नाही. घामाचा वास धरत नाही. सगळं औषध रंगातच घातलंय.”

उल्हास धनवडे मठाच्या ओट्यावर बसले होते. अंगात नवीकोरी भगवी कफनी, पॉलिएस्टरची. रंग त्यांनी स्वतः शोधलेला, उभी हयात त्यात गेलेली. कारखान्यात नाव झालं, हारतुरे झाले, पण मनाला थारा नव्हता. म्हणून आज दीक्षा घ्यायला आले होते.

“आमच्याकडं पांढऱ्या सुती कफनीत येतात,” बाबा म्हणाले. “मी वरून गेरूचं पाणी ओततो. रंगली कफनी, की कानात मंत्र. झाला चेला.”

“गेरूचं काय घेऊन बसलात, बाबा! दोन धुण्यांत जातो. तुमचीच कफनी बघा की, पार विटलीय.”

बाबांनी आपली कफनी निरखून पाहिली...

“जातो खरा. मग परत लावतो.”

“तेच म्हणतो मी! माझा रंग मेल्यावरसुद्धा जायचा नाही.”

“बरं बाबा... वाक.”

उल्हासराव वाकले. या एका घडीसाठी वर्षभर मठाची टेकडी चढत आले होते.

बाबांनी गेरूच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या खांद्यावर रिता केला.

अळवाच्या पानावरून जावं तसं पाणी घरंगळत खाली गेलं. कफनी कोरडी ठणठणीत.

“बघा, बघा!” उल्हासराव टाळ्या पिटत उठले. “म्हटलं नव्हतं? एक डाग दाखवा, एक!”

बाबांनी डोळे बारीक केले. पुढून पाहिलं. गोल फिरून मागूनही पाहिलं.

“नाही बुवा,” ते म्हणाले. “कुठंच लागला नाही.”

उल्हासरावांचे हात टाळीतच थांबले...

“बाबा... म्हणजे... माझी दीक्षा?”

ओट्याखाली मठाचं पांढरं कुत्रं पसरलं होतं. सगळं पाणी त्याच्याच पाठीवर पडलेलं. नाकापासून शेपटापर्यंत भगवं झालं होतं बिचारं, आणि अंग झाडायचाही कंटाळा करून बाबांकडं बघत होतं.

बाबा गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले. कुत्र्याचा कान हळूच उचलला.

“तू जरा दमानं घे, उल्हासा. आधी याला मंत्र देऊ दे.”